सखूचं पान

मी एक जुनी वही आहे, हे तुम्हांला माझ्या वासावरूनच कळलं असेल, मित्रांनो. नाक मुरडू नका. एकाच सागवानी कपाटात इतके पावसाळे काढले की कुणालाही वास येतो. उंद्रीहून अमडापूरकडे जाताना एक फाटा लागतो. त्या फाट्यानं आत गेलं की एक लहानसं गाव आहे आणि गावात कौलारू छपराचं चर्च आहे. वेदीमागच्या खोलीतलं कपाट हे माझं घर. या चर्चमध्ये लागलेली जुनी लग्नं माझ्या पोटात लिहिलेली आहेत, आणि ती सगळी लॅटिन भाषेत आहेत.

तुम्ही शाळेत छत्रीची, फाटक्या पुस्तकाची आत्मवृत्तं लिहिता. त्यात ती बिचारी रडतात, सुस्कारे टाकतात, "गेले ते दिवस" म्हणतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी रडायला नाही, भांडायला बसले आहे. माझ्या पोटातलं एक वाक्य एका अर्धवट शहाण्यानं चुकीचं वाचलं आणि एका भल्या बाईची जन्मभराची इज्जत घालवली. आणि वर काय म्हणाला? "वहीतच तसं लिहेल हाय!" म्हणजे खोटं त्याचं आणि नाव माझं. राग येणार नाही तर काय होईल?

पण सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यातला. जाड कागद, कातडी पाठ, पानापानावर आखलेले रकाने. मलकापूरपर्यंत मी आगगाडीनं आले आणि तिथून बैलगाडीत बसून राजूरचा घाट चढले. मला मागवलं होतं फादर अल्फोंस नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं. उंच, लाल तोंडाचा, मोठ्या नाकाचा माणूस. आमची वऱ्हाडी बोली तो मोडूनतोडून बोलायचा. "जेवन करून राह्यले का?" असं तो प्रत्येकाला विचारायचा, मग ती सकाळ असो की दुपार. लोक हसायचे आणि "हाव फादर" म्हणायचे.

बोलायला कच्चा असला तरी लिहायला तो पक्का होता. बोरू तासायचा, शाई गाळून घ्यायचा आणि एकेक अक्षर बसवून लिहायचा. चर्चचा तेव्हाचा कायदाच होता की नोंद लॅटिनमध्ये करायची. तुम्हांला त्यातले चार शब्द शिकवते, कारण पुढं लागणार आहेत. 'स्पोन्सुस' म्हणजे नवरा. 'स्पोन्सा' म्हणजे नवरी. 'तेस्तेस' म्हणजे साक्षीदार. मध्यंतरी एक शिकलेला पाहुणा मला चाळून म्हणाला होता, "हा तेस्तेस कोण माणूस? प्रत्येक लग्नाला हजर दिसतो!" धन्य आहे बाप्पा. 'विदुआ' म्हणजे विधवा आणि 'विदुउस' म्हणजे विधुर. विदुआ, विधवा. ऐकूनच ओळखीचा वाटतो की नाही?

आता या गावातली एक गंमत ऐका. लग्न ठरलं की फादर अल्फोंस नवरा-नवरीला ओसरीवर बसवायचा आणि विचारायचा, "तुमचे आजोबा कोण? तुमची आजी कोण?" मग खडूनं फरशीवर आजोबापासून खाली पायऱ्या काढायचा. आजोबाचं लेकरू ही पहिली पायरी. नातू किंवा नात ही दुसरी पायरी. नवरा आणि नवरी दोघं एकाच आजोबाची नातवंडं निघाली की फादर कपाळाला हात लावायचा. कारण चर्चच्या कायद्यात ते रक्ताचं नातं, आणि लग्नाला अडथळा. आणि आमच्याकडं? आमच्याकडं मामाची पोरगी म्हणजे हक्काची! तिला सोडून बाहेरची केली तर मामा रुसून बसायचा.

"मामाची पोर कराले बिशपसाहेबाची चिठ्ठी काऊन लागते, फादर?" लोक विचारायचे.

फादर हात जोडायचा, नागपूरला बिशपस्वामींना पत्र लिहायचा आणि परवानगीची वाट बघायचा. इकडं मांडवाच्या मेढी रोवून ठेवलेल्या, पाहुणे येऊन बसलेले. परवानगी आली की लग्न. मग माझ्या पानावर तो एक वाक्य जास्तीचं लिहायचा: "दिस्पेन्सातिओने ओब्तेन्ता सुपेर इम्पेदिमेन्तो कोन्सांग्विनितातिस इन सेकुंदो ग्रादु." घाबरू नका. याचा अर्थ एवढाच, की रक्ताच्या नात्याच्या दुसऱ्या पायरीचा जो अडथळा होता, त्यातून सूट मिळाली आहे. म्हणजे साध्या भाषेत, यानं मामाची पोर केली आणि रीतसर परवानगी घेऊन केली. यात लाज वाटावी असं काही आहे का? उलट मान आहे.

गंगारामचं लग्न असंच लागलं. गंगाराम मूळचा इथलाच, पण चार-दोन वर्षं जालन्याकडं कामाला होता. त्याचा मामाही तिकडचाच. मामाची मुलगी सखू. तिला घेऊन तो परत आला, फादरनं फरशीवर पायऱ्या काढल्या, परवानगी आली, लग्न लागलं. सखूला लिहिता येत नव्हतं. फादरनं बोरू तिच्या हातात दिला आणि तिनं आपल्या नावापुढं स्वतःच्या हातानं एक क्रूस काढला. लिहिता न येणाऱ्यांची सही तशीच असायची. हात थरथरला म्हणून त्या क्रूसाचा आडवा दांडा जरा वाकडा झाला. ती लाजली आणि फादर म्हणाला, "बेस झालं, बेस झालं." ते माझे चांगले दिवस होते. लोक हात धुऊन मला हात लावायचे.

मग फादर अल्फोंस म्हातारा होऊन गेला. इथंच पुरलाय, चिंचेखाली. पुढचे फादर बुलढाण्याहून महिन्यातून एकदा यायचे, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी उपासना, म्हणायचे आणि जायचे. हळूहळू नोंदीही मराठीत, नव्या वहीत व्हायला लागल्या. माझ्या कपाटाची किल्ली गेली भगवानराव मास्तरांकडं. ते गावातले धर्मशिक्षक. पोरांना प्रार्थना शिकवायचे, पेटी वाजवायचे आणि गावात एकटेच इंग्रजी शिकलेले होते. इंग्रजी, बरं का. लॅटिन नाही. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ना, त्यातली गत.

सखूच्या मुलीचं, आशाचं, लग्न ठरलं. मुलाकडच्यांना तिच्या आई-बापाच्या लग्नाचा चर्चचा दाखला हवा होता. रविवारी मिस्सा संपल्यावर सखू ओसरीवर मास्तरांकडं गेली. सगळं गाव तिथंच उभं होतं, मुलाकडची माणसंही होती. मास्तरांनी मला बाहेर आणलं, चष्मा लावला, सखूचं पान उघडलं आणि त्यांना 'सेकुंदो' दिसला. इंग्रजीतला 'सेकंड' त्यांना येत होता. 'इम्पेदिमेन्तो'वरून काहीतरी अडचण होती एवढंही त्यांनी ताडलं. झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. सगळ्या गावादेखत खड्या आवाजात म्हणाले, "सखूबाई, इथं तं तुम्ही दुसरी हायेत असं लिहेल हाय. पहिलीची अडचण होती म्हनते हे."

सखू म्हणाली, "नाई वो मास्तर. मी त्याइच्या मामाची पोर. त्याइचं पहिलंच लगन होतं."

"म्या काय घरचं सांगून राह्यलो का? वही सांगते. वही खोटं बोलन का?"

मित्रांनो, मला तोंड असतं ना, तर त्या दिवशी मी त्यांच्या हाताला चावले असते! एक पान उलटायचं होतं फक्त. दुसरं लग्न करणाऱ्यांच्या नोंदी माझ्यातच होत्या, त्यांच्यापुढं 'विदुउस' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते बघितलं असतं तरी कळलं असतं. पण नाही. मास्तरांनी फटकन मला मिटलं आणि कपाटात कोंबलं.

गंगाराम तोवर वारला होता. तो काय सांगणार? सखूच्या माहेरचं जालन्याकडं कुणी उरलं नव्हतं. आणि गंगाराम चार-दोन वर्षं तिकडं होताच, मग लोकांच्या डोक्याला खाद्य मिळालं. "तिकडं असंन बाई कोनी." "पहिली जिवंत होती म्हनतात." आशाचं लग्न मोडता मोडता वाचलं. पण सखूला त्या दिवसापासून नाव पडलं 'दुसरीवाली'. चर्चसमोरच्या विहिरीवर गेली की बाया दोर थांबवायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या. लग्नात ओवाळायला तिला कुणी पुढं होऊ देईना. चर्चमध्ये ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसायला लागली. मी कपाटाच्या फटीतून तिचा आवाज ऐकायचे. प्रार्थना सगळ्यांच्या आधी संपवून ती निघून जायची, म्हणजे बाहेर कुणाची गाठ पडायला नको. तशीच ती मेली. तिला एकदाही कुणी माझं पान दाखवलं नाही.

नंतरचे माझे हाल विचारू नका. माझ्यावर लाउडस्पीकरचं यंत्र ठेवलं. नाताळच्या ताऱ्याच्या बांबूच्या काड्या माझ्यावर रचल्या. चहाचा कप ठेवून माझ्या पुठ्ठ्यावर गोल उमटवला. कसर लागली, ती कुणी झटकली नाही. भगवानराव मास्तर गेले आणि किल्ली त्यांच्या मुलाकडं, उत्तमरावांकडं आली. उत्तमराव शाळेतून निवृत्त झालेले, आता चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष. कसल्याशा कामासाठी ते मला अमडापूरला घेऊन गेले आणि झेरॉक्सच्या यंत्रावर उघडी टाकून वरून दोन्ही हातांनी दाबलं. माझा कणा कडकन मोडला. मग त्यावर चिकटपट्टी लावली! कातड्याला चिकटपट्टी! त्यानंतर मात्र ते सगळ्यांना सांगायचे, "जुनी वही हाय, कोनी हात लावाचा नाई."

यंदा चर्चची शताब्दी आली. कमिटीनं ठरवलं की फाटकाशी एक काळा दगड उभा करायचा आणि त्यावर या चर्चमध्ये लग्न लागून इथं वसलेल्या पहिल्या जोडप्यांची नावं कोरायची. काम अमडापूरच्या गफ्फार मिस्त्रींना दिलं. गफ्फारभाईंची पद्धत अशी की आधी सगळी नावं खडूनं दगडावर लिहायची, लोकांना दाखवायची आणि मगच छिन्नी लावायची. "नाव दगडावर चढलं का मंग उतरत नाई, साब," ते म्हणायचे. "आत्ताच पाहून घ्या. सोमवारी मी कोराले बसतो."

सखूची आशा आता आशाबाई झाली आहे. गुडघे गेलेत, डोळे अधू झालेत. फाटकाशी तिची नात दीपमाला तिला घेऊन आली. दीपमाला अमडापूरच्या शाळेत मास्तरीण आहे. आशाबाई म्हणाली, "वाच बरं पोरी, माह्या माय-बापाचं नाव कितव्या नंबरले हाय?"

दीपमालानं वरून खाली वाचलं. पुन्हा वाचलं. सगळ्यात वर होतं तुळशीराम आणि गिरजाबाई, म्हणजे उत्तमरावांचे आजोबा-आजी. गंगाराम आणि सखूबाई कुठंच नव्हते.

उत्तमराव तिथंच उभे होते. आशाबाईनं विचारलं, "उत्तम, माह्या मायचं नाव काऊन नाई?"

"आशाबाई, जुनं कशाले उकरता? वहीत काय लिहेल हाय, तुम्हाले मालूम हाय. देवाच्या दारातला दगड हाय हा. अशी नावं कोरता येत नाई."

"अशी म्हंजे कशी?"

उत्तमराव खालच्या आवाजात म्हणाले, "दुसरी."

आशाबाई घरी परतली. रात्री जेवली नाही म्हणे. दीपमालाला म्हणाली, "माह्या लगनाच्या वक्ती माय रडली नाई, तं मले वाटलं खरंच असंन. पोटची पोर असून म्या तिच्यावर इस्वास नाई ठेवला. आता मरायच्या आधी मले ते पान पाहू दे. दुसरी असंन तं दुसरी. पन म्या माह्या डोयानं पाह्यन."

दीपमाला दुसऱ्या दिवशी फादर राजकुमारांकडं गेली. ते तरुण आहेत, नुकतेच बदलून आलेत. ते खरं तेच बोलले. "मला लॅटिनमधल्या प्रार्थना पाठ आहेत. जुन्या नोंदी वाचायची वेळ कधी आली नाही. पण वही चर्चची आहे, कुणाच्या घरची नाही." त्यांनी उत्तमरावांकडून किल्ली मागून घेतली. उत्तमराव किल्ली देताना म्हणाले, "हात धुऊन लावा." हे कोण सांगतंय बघा! माझा कणा मोडणारा!

किती वर्षांनी माझ्यावर पंखा लागला, उजेड पडला. दीपमालानं मला टेबलावर उशी घालून उघडलं, म्हणजे मोडलेल्या कण्याला ताण पडू नये. मला तेव्हाच ही पोर आवडली. सखूचं पान निघालं. तिनं ते लांब वाक्य एका कागदावर उतरवून घेतलं. फादर म्हणाले, "ग्रादु म्हणजे पायरी, एवढं मला येतं. पण दुसरी पायरी कसली, ते नक्की सांगता येत नाही. अंदाजानं बोलायची चूक मी करणार नाही."

मग दीपमालानं ते केलं, जे मास्तरांनी करायला हवं होतं. तिनं मला पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. एकच ओळ उचलून तिचा अर्थ लावत बसली नाही, तर तीच ओळ आणखी कुठं येते ते शोधलं. दुपारपर्यंत तिला दोन गोष्टी दिसल्या. काही जणांपुढं 'विदुउस' किंवा 'विदुआ' होतं, आणि त्या पानांवर ते लांब वाक्य नव्हतं. आणि जिथं ते लांब वाक्य होतं, तिथं 'विदुउस' नव्हतं. गंगाराम-सखूच्या पानावरही नव्हतं. तशी आणखी काही पानं निघाली. पण त्या जोडप्यांमध्ये सारखं काय होतं?

"हे कोण सांगेल?" फादरनी विचारलं.

"रुक्मिणीबाई," दीपमाला म्हणाली.

रुक्मिणीबाई म्हणजे गावातली सगळ्यांत म्हातारी. गावातलं कुठलंही नातं तिला विचारावं. तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं. दीपमाला त्या पानांवरची नावं एकेक करून वाचायला लागली.

"कोंडबा आणि सीताबाई."

"सीतीनं आतेभाऊ केला होता."

"यशवंता आणि पारूबाई."

"यशवंताच्या मामाची पोर थे. मोठी तिखट होती बाप्पा!"

"मोतीराम आणि भागाबाई."

"मामाची पोर. अव, मले काऊन इच्यारून राह्यली? यायले सारं गाव वयखत होतं. सखूचं माहेर लांबचं, तिचं तेवढं कोनाले मालूम नोतं."

दीपमाला फादरकडं बघायला लागली. फादर दीपमालाकडं. दुसरी पायरी! एकाच आजोबाची नातवंडं! दीपमालानं तेच वाक्य असलेलं आणखी एक पान काढलं. सुरुवातीचंच, तिसरं पान.

"तुळशीराम आणि गिरजाबाई," तिनं वाचलं.

रुक्मिणीबाईनं तोंडावर पदर धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. "अव माय! हे तं उत्तमचे आजा-आजी! गिरजा तुळशीरामच्या मामाचीच पोर! मंग का थेबी दुसरी म्हना लागते का आता?"

मी सगळं आयुष्य ज्या क्षणाची वाट बघत होते, तो हा. तिसऱ्या पानावर तेच वाक्य, त्याच शाईत, त्याच हातानं लिहिलेलं. भगवानराव मास्तरांच्या स्वतःच्या आई-बापांचं पान! त्यांनी ते जन्मात उघडून पाहिलं नव्हतं. कशाला पाहतील? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. फादरनी खात्रीसाठी नागपूरच्या आपल्या म्हाताऱ्या गुरुजींना फोन लावला आणि वाक्य वाचून दाखवलं. पलीकडून उत्तर आलं, "रक्ताचं नातं, दुसरी पायरी. मामे-आते भावंडं. परवानगी घेऊन लग्न झालं. त्यात दुसऱ्या बायकोचा काय संबंध?"

फादर म्हणाले, "आशाबाई, मी आजच उत्तमरावांना सांगतो. दगडावर नाव येईल."

आशाबाई दारात उभी होती. दीपमाला तिला धावत जाऊन घेऊन आली होती. मला वाटलं ती आता रडेल. पण ती सखूची मुलगी असली तरी सखूसारखी गप्प बसणारी नव्हती. ती म्हणाली, "नाई फादर. तुम्ही काई सांगू नोका. रविवारी. मिस्सा झाल्यावर. ओसरीवर."

रविवारी मिस्सा झाली. लोक ओसरीवर आले. फादरनी मला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आणलं, तीच ओसरी, तेच खांब. गफ्फार मिस्त्रीही छिन्न्यांची पिशवी घेऊन फाटकाशी उभे होते. सगळ्यांसमोर फादरनी सखूचं पान वाचलं आणि अर्थ सांगितला. मग तिसरं पान काढलं, तुळशीराम आणि गिरजाबाई, आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. कुणाला वेगळं समजावून सांगायची गरज पडली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे सारखंच हाय की बे!"

उत्तमरावांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, माझ्यावर वाकून ती ओळ स्वतः पाहिली. "माह्या बापानं सांगितलं होतं," ते म्हणाले. "म्या कधी उघडून पाह्यलं नाई." मग घाईनं गफ्फारभाईंकडं वळले. "मिस्त्री, गंगाराम-सखूबाईचं नाव टाका. वरच टाका. झालं, आशाबाई? आता मनात काई ठेवू नोका."

"झालं?" आशाबाई म्हणाली. काठी टेकत ती पुढं आली. "कसं काय झालं उत्तम? तुह्या बापानं माह्या मायले इथंच उभं करून, साऱ्या गावादेखत, खड्या आवाजात 'दुसरी' म्हटलं. मंग पुढं माही माय विहिरीवर एकटी जात होती, बायका घरला गेल्यावर. दगड तं मुका हाय. तुह्या बापाचा आवाज मुका नोता. तू वाच आता. तेवढ्याच मोठ्यानं."

"आशाबाई, लोकं..."

"तवाबी लोकं होते."

उत्तमरावांनी माझ्याकडं पाहिलं. फादरनी मला पुढं धरलं. उत्तमराव खालच्या आवाजात म्हणाले, "सखूबाई गंगारामच्या मामाची मुलगी होत्या. गंगारामचं ते पहिलंच लग्न होतं. आमच्याकडून चूक झाली."

"ऐकू नाई आलं," आशाबाई म्हणाली.

त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

"मले आलं ऐकू. त्या विहिरीपासच्या बायाइले नाई आलं."

तिसऱ्यांदा उत्तमराव ओरडले. खरंच ओरडले. चिंचेवरचे कावळे उडाले. आवाज मध्येच फाटला आणि ते ओसरीच्या पायरीवर खाली बसले. कुणी हसलं नाही. विहिरीपाशी दोन म्हाताऱ्या घागरी ठेवून उभ्या होत्या. त्यांतली एक पदरानं तोंड पुसायला लागली.

मग दीपमालानं आजीचं बोट धरून माझ्या पानावर नेलं. "हे बघ आजी. हा तुझ्या आईनं काढलेला क्रूस." आशाबाईच्या डोळ्यांना ते दिसत नव्हतं, पण बोरूनं कागद जरा खरवडलेला होता, तो तिच्या बोटाला लागला. आडवा दांडा वाकडा होता, तोही लागला. "माय," ती म्हणाली, "हात काऊन थरथरला वं तुहा?" आणि त्यानंतर मात्र ती रडली. मोठ्यानं, साऱ्या गावादेखत.

दगडावर आता सखूचं नाव आहे. मला जुन्या रेशमी कापडात गुंडाळून ठेवलं आहे, वर्षातून दोनदा उन्हात घालतात, कडुनिंबाचा पाला ठेवतात. चिकटपट्टी काढली. बरं झालं. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो घालवायला कुणी येऊ नका.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, देवळात, मशिदीत माझ्यासारखे जुने कागद असतील. त्यांना उन्हात घाला, कसर झटका, यंत्रावर दाबू नका. हे तर कराच. पण त्याहून मोठं सांगते. जी भाषा येत नाही ती येते असं दाखवून कुणाच्या आईबद्दल काही वाचू नका. आधी विचारा. आणि विचारायच्याही आधी आपल्या घरचं पान उघडून बघा, दुसऱ्याचं नंतर.

उत्तमराव त्या रविवारी ओरडले, ते मी ऐकलं, आशाबाईनं ऐकलं, गावानं ऐकलं. ज्या बाईसाठी ते ओरडले, ती शेवटच्या रांगेतून प्रार्थना लवकर संपवून कधीच निघून गेली आहे.